निकासियोच्या पोरीचं जावळ

दामासा चाल्कोच्या दारावर निलगिरीची लांब काठी अजून तिरकी खोवलेली आहे, पण तिच्या टोकाला आता लाल फडकं नसतं. एके काळी ते फडकं दिसलं की चाकीकोचा गावातल्या माणसाच्या घशाला आपोआप कोरड पडायची. फडकं वर गेलं म्हणजे मक्याची चिचा आंबून तयार झाली. गाढवं हाकत घाट चढणारा माणूस आधी त्या काठीकडे बघायचा आणि मग स्वतःच्या घराकडे. आता पोरं दुकानातून बाटलीतली बिअर आणतात, एकेकटी पितात आणि रिकामी बाटली कुंपणापलीकडे भिरकावतात. पिऊ देत बापडी. दामासाची चिचा ज्यांनी चाखलीच नाही, त्यांच्याशी काय वाद घालायचा.

दामासा रोज दुपारी उंबऱ्यावर ऊन खात बसते. गुडघे गेले. मका भिजवायचा, मोड आणायचे, दळायचा, उकळायचा, हे आता तिच्यानं होत नाही. कान मात्र तिखट आहेत. येणारं जाणारं माणूस "मामाय, बरी आहेस ना?" असं विचारून पुढे जातं. मामाय म्हणजे माय. तिला पोटचं मूल नाही, पण गाव तिला याच नावानं हाक मारतं आणि तिला ते आवडतंही. तरी एक दुसरी हाक ऐकायची तिची फार इच्छा होती. न्यायाधीशबाई. ती हाक एकदा अगदी उंबऱ्यापर्यंत आली होती, आणि आत आली नाही.

तेव्हा गावचा न्यायाधीश अन्सेल्मो होता. आमचा न्यायाधीश म्हणजे काळा कोट घातलेला वकील नव्हे. गावातलाच कुणीतरी शेतकरी, पगार नाही, कचेरी नाही. गळ्यात फितीला अडकवलेला पितळी बिल्ला आणि कमरेच्या पिशवीत रबरी शिक्का. कुणाची गाय कुणाच्या बार्लीत शिरली, कुणी कुणाच्या पाळीचं पाणी वळवलं, असली भांडणं तो मिटवायचा आणि कागदावर शिक्का मारायचा. अन्सेल्मो मोठा आळशी माणूस होता, देव त्याचं भलं करो. तक्रार घेऊन कुणी आलं की तो टोपी डोळ्यांवर ओढून म्हणायचा, "आधी दामासाकडे जाऊन या. तिथून उठल्यावरही भांडण शिल्लक राहिलं तर बघू."

सहसा शिल्लक राहायचं नाही. दामासाच्या चुलीखाली गिनीपिगांची चूंचूं चालू असायची, कोपऱ्यात भाजलेल्या मक्याची टोपली, आणि समोर भांडणारे दोघं. ती दोघांच्या हातात चिचाचे सारखेच दोन पेले द्यायची. आमच्याकडे एकट्यानं पीत नाहीत. समोरच्याला पेला वर करून दाखवायचा, पहिला घोट जमिनीला, धरणीमायेला, आणि मग आपल्या तोंडाला. शत्रूसमोर पेला वर केला की निम्मा राग तिथेच उतरतो. उरलेल्या निम्म्या रागासाठी दामासाचा एकच ठरलेला प्रश्न असायचा.

"तुमच्यापैकी कुणाच्या घरात जावळ न काढलेलं पोर आहे?"

पोर चालू-बोलू लागेपर्यंत आम्ही त्याच्या केसांना कात्री लावत नाही. केसांच्या पार जटा होतात. मग एक दिवस बटाबटांना रंगीत फिती बांधायच्या, ताटलीत फुलं आणि कात्री ठेवायची, गाव जेवायला बोलवायचं. जो पहिली बट कापतो तो त्या लेकराचा धर्मबाप आणि लेकराच्या आईबापाचा कोंपाद्रे. बाई असली तर कोमाद्रे. हे नातं रक्ताच्याही वरचं. सख्खे भाऊ एकमेकांचं डोकं फोडतील, पण कोंपाद्रे कोंपाद्रेवर आवाजही चढवणार नाही. कालपर्यंत अरेतुरे करणारी माणसं त्या दिवसापासून एकमेकांना तुम्ही म्हणतात, अगदी मरेपर्यंत. दामासाची युक्ती एवढीच होती की जावळाची कात्री ती शत्रूच्या हातात द्यायला लावायची. गाय बार्लीत शिरली म्हणून काठ्या घेऊन आलेले दोघं महिन्याभरात एकमेकांना "बसा कोंपाद्रे, दमलात" म्हणताना दिसायचे, आणि दामासा पेले विसळत मनातल्या मनात हसायची.

ती स्वतः मात्र कुणाची कोमाद्रे झाली नाही. विचारणारे खूप होते. ती दर वेळी हात झटकायची. "तुझं ज्याच्याशी वाकडं आहे त्याला विचार. मी कुणा एकाची झाले तर उद्या त्याच्याच बाजूनं बोलावं लागेल."

हे सगळं छान चाललं होतं, पण मग चांपी भावांचं प्रकरण झालं. दोघांनी झऱ्यावरून भांडून दामासासमोर समेट केला, पेले रिकामे केले, गळ्यात पडून रडलेही. वर्ष उलटलं तशी थोरल्याची नियत फिरली. "बाईच्या घरात दारू पिऊन बोललेलं काय खरं? कागद कुठाय? शिक्का कुठाय?" प्रकरण जिल्ह्याच्या कोर्टात गेलं. वकिलांनी दोघांचे बैल खाल्ले, जमीन खाल्ली, आणि धाकटा बायकापोरं घेऊन सोन्याच्या खाणीत मजुरीला निघून गेला. जाताना तो दामासाच्या दारावरून गेला, पण आत आला नाही. ती गोष्ट तिला फार लागली. आपण लावलेली गाठ सुटते, कारण आपल्याकडे शिक्का नाही, हे तिच्या मनातून जाईना.

त्याच पावसाळ्याअखेर अन्सेल्मो गेला. कोर्टानं कळवलं की आता नवा न्यायाधीश गावानंच निवडायचा. ज्यांना उभं राहायचं त्यांनी शाळेच्या मैदानात उभं राहावं, लोकांनी आपापल्या माणसामागे रांग धरावी, ज्याची रांग लांब त्याचा बिल्ला. गावसभेत दामासा उठली आणि म्हणाली, "मी उभी राहते."

बाई न्यायाधीश आमच्या डोंगरात कुणी पाहिली नव्हती. मग मागून आवाज आला, "मी पण."

तो निकासियो विल्का होता. सणावाराला हार्प वाजवणारा, जिभेवर साखर ठेवून फिरणारा. त्याच्या बापाच्या गळ्यात कधीकाळी हाच बिल्ला होता, आणि निकासियोला लहानपणापासून त्याचा हव्यास. दामासा आणि तो एकाच वयाचे. दोघांनी एकाच डोंगरावर मेंढ्या राखल्या. तेव्हा तो समोरच्या चढावर बसून आरशाचा कवडसा तिच्या तोंडावर पाडायचा, आणि ती गोफणीतून दगड भिरकावून उत्तर द्यायची. आमच्याकडे कवडसा पाडणाऱ्या पोराच्या मनात काय असतं ते सगळ्यांना कळतं. पण दामासाच्या बापानं तिला सातुर्निनोला दिली. सातुर्निनो भला माणूस, जंगलात लाकूडतोडीला गेला आणि तापानं तिकडेच वारला. निकासियोनं उशिरा लग्न केलं. बायको बाळंतपणात गेली, मागे रुफिना नावाची पोर ठेवून.

मग रोज संध्याकाळी निकासियो पोरीला कडेवर घेऊन लाल फडक्याखाली हजर. दोघांची जुगलबंदी ऐकायला माणसं मुद्दाम थांबायची.

"दामासा, तुझ्या चिचात आज पाणी जास्त पडलंय."

"पाणी नाही, तुझी हार्प ऐकून मका रडलाय."

"एवढं तोंड चालतं म्हणूनच सातुर्निनो जंगलात पळाला."

"आणि तुझी हार्प ऐकून तुझा कुत्रा. तो तर परतही आला नाही."

पाणी भरायला जमलेल्या बायकांनी मनाशी हिशेब मांडून टाकला होता. ही न्यायाधीश होवो की तो, बटाट्याची काढणी होईतो शिक्का एकाच घरात जाणार. दामासाच्या कानावर ते येत होतं. ती त्यांना "कामं करा गं" म्हणायची, पण रागावायची नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती वेणीला नवे लोकरी गोंडे बांधू लागली होती.

गावाचा कल मात्र स्पष्ट होता. दामासाची रांग लांब होणार. निम्म्या गावाचं भांडण तिनं मिटवलं होतं. निकासियो हार्प घेऊन घरोघर गेला, लोकांनी गाणी ऐकली, मका खाल्ला आणि सांगितलं, "तू छान वाजवतोस रे." यातून काय समजायचं ते तो समजला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी दामासाचं घर गच्च भरलं होतं. नवे बटाटे उकडले होते, ताजं चीज होतं, हिरव्या मिरचीची चटणी होती. निकासियो आला तो कोट घालून. मागे रुफिना. तिच्या जटांना लाल-पिवळ्या फिती बांधलेल्या, आणि तिच्या दोन्ही हातांत ताटली. ताटलीत फुलं आणि कात्री.

निकासियो दामासासमोर आला, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दामासा, माझ्या पोरीची पहिली बट तू काप."

दामासा हसली. "माझा नियम तुला माहीत आहे. ज्याच्याशी तुझं भांडण आहे त्याला विचार."

"तेच केलंय," निकासियो म्हणाला. "साऱ्या गावाशी माझं गोड आहे. आजघडीला मी फक्त एका माणसाविरुद्ध उभा आहे. ती तू. तुझ्याच नियमानं कात्री तुझ्याच हातात यायला हवी."

घर हसण्यानं दणाणलं. म्हातारा हुलियान टाळ्या पिटत म्हणाला, "अडकलीस, मामाय." आणि ती अडकली होती. चारचौघांत जावळाची ताटली पुढे केली तर नाही म्हणता येत नाही. तसं म्हणणं म्हणजे लेकराचं वाईट चिंतणं. शिवाय ताटली धरून उभी राहिलेली रुफिना. तिला आई नव्हती. ती वर बघत होती, आणि तिचे हात भरून आले होते.

दामासानं कात्री उचलली. कपाळावरची बट बोटांत धरली. त्या क्षणी तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या. एक म्हणजे कोमाद्रेला कोंपाद्रेविरुद्ध उभं राहता येत नाही. आणि दुसरी, कोंपाद्रे-कोमाद्रेचं लग्न होत नाही. तसं मनात आणणंसुद्धा आमच्याकडे पाप मानतात. तिनं निकासियोकडे पाहिलं. तो विजयी हसत होता. या दुसऱ्या गोष्टीचा त्या शहाण्यानं विचारच केला नव्हता.

तिनं बट कापली आणि ताटलीत ठेवली. प्रथेप्रमाणे धर्ममाय म्हणून आपली एक पांढरी मेंढी रुफिनाच्या नावे केली. मग तिनं दोन पेले भरले, एक त्याला दिला, आपला वर केला आणि म्हणाली, "घ्या, कोंपाद्रे. तुमच्यासाठी."

तुमच्यासाठी. निकासियोचं हसू जागीच विझलं. पेला हातात तसाच राहिला, जमिनीला घोट द्यायचंही तो विसरला. तेव्हा त्याला कळलं. दामासानं ते स्वच्छ पाहिलं आणि तिला त्याची कीव आली, रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खाली रडूही होतं.

पण मोडलेला डाव तो अजून खेळत होता. घसा खाकरून तो म्हणाला, "कोमाद्रे, तुम्ही म्हणाल तर मी उभा राहत नाही. तुम्ही व्हा न्यायाधीश."

आता कोंपाद्रेनं "आधी तुम्ही" म्हटलं की "छे छे, आधी तुम्हीच" म्हणायचं, ही आमची रीत. दारातून जाताना, पेला उचलताना, बाकावर बसताना आम्ही दिवसातून शंभरदा हेच म्हणतो. बोलण्यामागे काही नसतं. दामासाचं मन कात्रीत अडकलं होतं, आणि तोंडानं सवयीनं आपलं काम केलं.

"छे छे कोंपाद्रे, तुम्हीच व्हा."

शब्द सुटला आणि तिनं ओठ चावला. निकासियोनं मान खाली घातली. "गावानं ऐकलं," असं कुणीतरी हळूच म्हणालं. ज्या बाईनं गावाच्या तोंडी शब्दाला किंमत यावी म्हणून उभं राहायचं ठरवलं, ती स्वतःचा तोंडी शब्द कसा फिरवणार? त्या संध्याकाळी तिनं काठीवरचं लाल फडकं लवकर उतरवलं आणि चुलीपाशी बसून पोटभर रडली. न्यायाधीशपणासाठी रडले, असं ती स्वतःला सांगत होती. तेही खरंच होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या मैदानात कोर्टाचा कारकून टेबल मांडून बसला. टेबलाकडे तोंड करून निकासियो एकटा उभा राहिला. त्याच्या शेजारची दामासाची जागा मोकळी. लोक कडेनं घोळक्यात उभे. कुणाला काय करावं कळेना. अन्सेल्मोची विधवा म्हणालीसुद्धा, "मी नाही जायची त्या हार्पवाल्याच्या मागे. त्यानं बाईच्या जातीला फसवलंय."

तेवढ्यात दामासा आली. धुवट शाल, फुलं खोवलेली टोपी. ती सरळ चालत गेली आणि निकासियोच्या मागे जाऊन उभी राहिली. कोमाद्रेनं कोंपाद्रेच्या पाठीशी उभं राहायचं असतं. ती उभी राहिली.

मग घोळका हलला. आधी अन्सेल्मोची विधवा तिच्या मागे आली. मग हुलियान, मग एकमेकांचे कोंपाद्रे झालेले जुने वैरी, पाठीवर पोरं बांधलेल्या बायका. रांग मैदान ओलांडून गेली, बंधाऱ्याला वळसा घालून पार कोरड्या तळ्याकाठी पोचली. सगळं गाव एका रांगेत.

कारकून वैतागला. "एकच रांग? दुसरा उमेदवार कुठाय? याला मतदान म्हणत नाहीत."

"सगळं गाव उभं आहे, दिसत नाही का तुला?" हुलियान म्हणाला. "लिही मुकाट्यानं."

निकासियोनं मागे वळून पाहिलं. इतकी लांब रांग चाकीकोचात कुणाच्याच मागे लागली नव्हती, त्याच्या बापाच्याही नाही. आणि तो काही मूर्ख नव्हता. रांग आपल्या मागे नाही, आपल्या मागच्या बाईच्या मागे आहे, हे त्याला न सांगता दिसलं. बिल्ला गळ्यात घालताना त्याची मान लाजेनं इतकी खाली गेली की कारकुनाला वाटलं फीत आखूड आहे.

दुसऱ्याच आठवड्यात मेंढ्यांवरून भांडण आलं. निकासियोनं भांडणाऱ्यांना दामासाकडे आणलं आणि स्वतः कोपऱ्यात टोपलीशेजारी बसला. पेले झाले, जावळाची चौकशी झाली, समेट झाला. दामासा वळली. "कोंपाद्रे, शिक्का."

कोमाद्रेला नाही म्हणता येत नाही. त्यानं कागद लिहिला, तिला वाचून दाखवला, शिक्का मारला. पुढे रोज शिक्का पिशवीत घालून नेणं-आणणं कशाला, म्हणून तो दामासाच्या फडताळात मिठाच्या भांड्याशेजारी राहू लागला. दामासानं लावलेली एकही गाठ त्यानंतर सुटली नाही. लोक न्यायाधीश म्हणून निकासियोला टोपी काढून नमस्कार करायचे आणि न्यायासाठी लाल फडक्याकडे बघायचे. किती छान दिवस होते ते. भांडणंसुद्धा जेवून-खाऊन व्हायची.

फक्त ती जुगलबंदी थांबली. "कोमाद्रे, चिचा उत्तम झालीये." "तुमची कृपा, कोंपाद्रे." एवढंच. ऐकायला कुणी थांबेना. निकासियोनं दुसरं लग्न केलं नाही. दामासानंही नाही. वेणीचे नवे गोंडे तिनं रुफिनाला देऊन टाकले.

रुफिना तिच्याच अंगणात वाढली, शिकली, गावच्या शाळेत मास्तरीण झाली. गेल्या महिन्यात म्हाताऱ्या निकासियोनं बिल्ला उतरवला, तेव्हा मैदानात रुफिना उभी राहिली आणि सरळ निवडून आली. आता चाकीकोचाची पोरंसोरं रस्त्यात तिला "न्यायाधीशबाई" अशी हाक मारतात. दामासा उंबऱ्यावर बसून ती हाक ऐकते. हाक पोरीला असते, पण ऐकताना तिची मान उगाच ताठ होते.

काल दुपारी निकासियो काठी टेकत आला. शिक्का न्यायचा होता, पोरीच्या हवाली करायला. दामासा भिंत धरत उठली, फडताळातून एक पुरचुंडी काढून आणली. काठीवरचं जुनं लाल फडकं, त्यात बांधलेला शिक्का.

"घ्या, कोंपाद्रे."

त्यानं पुरचुंडी घेतली. निघाला नाही. फडक्याचा रंग उडाला होता, तो त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "दामासा."

इतक्या वर्षांत तिनं हे नाव त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"हा तुझा होता," तो म्हणाला. "मला कळत होतं. दुसरंही कळलं होतं, पण तोवर तू बट कापली होतीस."

रस्त्यानं कुणी येत-जात नव्हतं. समोरच्या चढावर, जिथे तो कवडसा पाडायचा, तिथे आता पत्र्याची घरं झालीत, आणि दुपारच्या उन्हात एक पत्रा चमकत होता. दामासाला नीट दिसेना, तिनं डोळ्यांवर हात धरला. कोंपाद्रेला काय उत्तर द्यायचं असतं ते तिला पाठ होतं. ते तिनं दिलं नाही. ती उंबऱ्यावर थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस की रे, निकासियो," ती म्हणाली. "कधीचा उभा आहेस."